पायाची जखम भरत नाही आणि भोवतालची त्वचा लाल झाली आहे: इसब की जंतुसंसर्ग?

बासष्ट वर्षांच्या एका काकूंचे उदाहरण घेऊ. अनेक रुग्णांच्या हकिकती एकत्र करून हे उदाहरण तयार केले आहे. काकूंनी पंचवीस वर्षे पोळी-भाजी केंद्र चालवले आणि दिवसाचे आठ-दहा तास उभ्याने काम केले. डाव्या घोट्याच्या आतल्या बाजूला, थोडे वर, खाजवल्याने एक लहान जखम झाली. ती आठ महिने झाले तरी भरली नाही. मग जखमेभोवतीची त्वचा लाल झाली, खाज सुटली, लस वाहू लागली. ‘जखम चिघळली’ म्हणून अँटिबायोटिकच्या गोळ्या झाल्या, इंजेक्शने झाली आणि सोबत अँटिबायोटिक मलमही सुरू झाले. मलम जितके जास्त लावावे तितकी लाली पसरत गेली. शेवटी पुरळ दुसऱ्या पायावर आणि हातांवरही उठले.

काकूंना जंतुसंसर्ग झालेला नव्हता. त्यांना शिरांच्या दोषामुळे इसब झाले होते आणि त्यावर मलमाची ॲलर्जी झाली होती. मलम बंद केले, इसबाचे योग्य औषध लावले आणि पायाला योग्य दाबाची पट्टी बांधली, तेव्हा त्वचा शांत झाली. जखमही हळूहळू भरू लागली.

जखमेकडे सगळ्यांचे लक्ष असते, पण तिच्या भोवतालच्या त्वचेकडे फारसे कोणी पाहत नाही. जखम मात्र कडेकडूनच भरते. नवी त्वचा भोवतालच्या त्वचेतूनच आत सरकते. ती त्वचाच सुजलेली, ओली किंवा फाटलेली असेल, तर जखम भरणार कशी?

पायाची जखम ‘जुनी’ केव्हा समजावी?

गुडघा आणि घोटा यांच्यामधली जखम दोन आठवड्यांत भरण्याच्या मार्गाला लागली नाही, तर ती का भरत नाही याचा शोध घ्यायला हवा. आणखी काही महिने मलमे बदलत बसू नये. अशा जखमांचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे पायांतील नीलांचा, म्हणजे अशुद्ध रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या शिरांचा दोष. धमन्यांमधून रक्तपुरवठा कमी होणे, मधुमेह, हत्तीरोगाची सूज, सिकलसेल आजार, रक्तवाहिन्यांचा दाह आणि क्वचित त्वचेचा कर्करोग ही इतर कारणे आहेत. या लेखात मुख्यतः नीलांच्या दोषामुळे होणाऱ्या जखमांबद्दल आणि त्यांच्या भोवतालच्या त्वचेबद्दल पाहू.

त्वचेला सूज का येते?

आपण उभे असतो तेव्हा पायांतील रक्ताला वर चढायचे असते. चालताना पोटरीचे स्नायू आवळतात आणि रक्त वर ढकलतात. शिरांमधल्या छोट्या झडपा ते रक्त पुन्हा खाली येऊ देत नाहीत. या झडपा कमकुवत झाल्या, किंवा पूर्वी शिरेत गुठळी होऊन त्या बिघडल्या, तर रक्त खाली साचते. शिरांमधला दाब वाढतो. हा दाब घोट्याच्या जवळ सर्वांत जास्त असतो, म्हणून जखमा बहुतेक वेळा तिथेच होतात.

दाब वाढला की बारीक रक्तवाहिन्यांमधून पाणी, प्रथिने आणि तांबड्या पेशी आसपासच्या त्वचेत झिरपतात. तांबड्या पेशींमधले लोह तिथेच राहते आणि त्वचा तपकिरी-काळसर होते. शरीर या गळतीला दाह करून उत्तर देते. सुरुवातीला संध्याकाळी पाय सुजतो आणि जड वाटतो. पुढे त्वचा कोरडी पडते, खाजते, लाल होते, खपल्या धरते. बरीच वर्षे असेच चालले तर त्वचा व तिच्याखालची चरबी घट्ट, लाकडासारखी होते. पाय घोट्याजवळ बारीक आणि वर पोटरीशी जाड दिसू लागतो.

सावळ्या त्वचेवर लाली नीट दिसत नाही. तिथे त्वचा जांभळट, राखाडी किंवा नेहमीपेक्षा काळी दिसते. म्हणून रंगावर भर न देता खाज, ऊब, दुखणे आणि सूज यांकडेही लक्ष द्या.

जखमेभोवतीच्या दाहाची चार मुख्य कारणे

एकाच पायावर यांतील दोन-तीन कारणे एकत्र असू शकतात.

१. शिरांचे इसब. खाज हे याचे मुख्य लक्षण. त्वचा कोरडी, खवलेदार असते किंवा तिच्यातून पाण्यासारखी लस येते आणि पिवळसर खपल्या धरतात. कड स्पष्ट नसते, लाली हळूहळू विरत जाते. बऱ्याचदा दोन्ही पायांवर कमी-अधिक प्रमाणात असते. फुगलेल्या निळ्या शिरा, तपकिरी डाग आणि संध्याकाळची सूज सोबत असते.

२. लशीने भिजून झालेला दाह. जुन्या जखमेच्या लशीत प्रथिने विरघळवणारे घटक असतात. ड्रेसिंग वेळेवर बदलले नाही किंवा ते लस शोषून घेण्याइतके चांगले नसले, तर ही लस तासन्‌तास त्वचेवर राहते. बराच वेळ पाण्यात काम केल्यावर बोटांची कातडी जशी पांढरी आणि सुरकुतलेली होते, तशी जखमेची कड होते. मग ती सोलली जाते, आग होते आणि जखम मोठी होते. हा दाह बहुधा जखमेच्या कडेला आणि खालच्या बाजूला, लस ओघळते तिथे असतो.

३. औषधाची किंवा ड्रेसिंगची ॲलर्जी. जुन्या जखमा असलेल्या रुग्णांमध्ये हे वरचेवर आढळते. त्यांच्या त्वचेचे संरक्षक आवरण आधीच खराब झालेले असते आणि तीच मलमे महिनोन्‌महिने लावली जातात. नेहमी त्रास देणारे पदार्थ असे: निओमायसिन आणि फ्रामायसेटिन यांसारखी अँटिबायोटिक मलमे, नायट्रोफ्युराझोन, लॅनोलिन म्हणजे लोकरीतील मेण, सुवासिक द्रव्ये, क्रीममधील टिकाऊपणासाठीची रसायने, चिकटपट्टीतील राळ आणि इलॅस्टिक बँडेज किंवा हातमोज्यांतील रबराची रसायने. क्वचित स्टिरॉइड मलमाचीही ॲलर्जी होते. हळद ‘आपली’ आणि सुरक्षित वाटते, पण तिचीही ॲलर्जी होऊ शकते.

ॲलर्जीची खूण अशी: जिथे मलम किंवा पट्टी लागते तेवढ्याच भागात, कधीकधी पट्टीच्या आकारातच, खाजरी लाली उठते. औषध लावूनही त्रास वाढतच जातो. लक्षात ठेवा, जे मलम वर्षभर चालले त्याचीच ॲलर्जी आज होऊ शकते. ‘हे तर मी नेहमीच लावते’ हा त्याविरुद्ध पुरावा नाही.

४. जंतुसंसर्ग. त्वचेच्या खोल थरांत जंतू शिरले की सेल्युलायटिस होतो. जखम, इसबाच्या भेगा किंवा पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत होणाऱ्या चिखल्या, यांतून जंतूंना वाट मिळते. हा आजार गंभीर आहे आणि त्याला अँटिबायोटिक लागतेच.

काही वेळा पायावरचे इसब भडकल्यावर दुसरा पाय, हात, अंग किंवा चेहऱ्यावरही खाजरे पुरळ उठते. तिथे जखम नसते, जंतूही नसतात. शरीराची प्रतिकारयंत्रणाच चवताळलेली असते. पायाचे इसब आटोक्यात आले की हे पुरळही ओसरते.

इसब की सेल्युलायटिस? फरक कसा ओळखावा

इसबात साधारणपणे असे असते:
• खाज जास्त, दुखणे कमी
• आठवडे किंवा महिने चाललेला त्रास
• बऱ्याचदा दोन्ही पायांवर
• खवले, खपल्या, पाण्यासारखी लस
• ताप नाही, प्रकृती बरी

सेल्युलायटिसमध्ये साधारणपणे असे असते:
• दुखणे जास्त, हात लावला तरी कळ
• काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत वाढलेला त्रास
• जवळजवळ नेहमी एकाच पायावर
• त्वचा गरम, तुकतुकीत, ताणलेली
• ताप, थंडी, अंगदुखी, जांघेत गाठ

दोन्ही पाय एकाच वेळी लाल झाले असतील, तर सेल्युलायटिसची शक्यता कमी असते. मात्र हे फरक डॉक्टरांशी बोलताना उपयोगी पडावेत म्हणून दिले आहेत. घरच्या घरी निदान करून बसू नका. वृद्ध व्यक्तींना आणि मधुमेहींना संसर्ग असूनही ताप येईलच असे नाही. एक पाय अचानक सुजून दुखू लागला, तर खोल शिरेत गुठळी झाली असण्याचीही शक्यता असते.

आणखी एक गोष्ट. जखमेच्या पृष्ठभागावर जंतू असतातच. म्हणून लस तपासणीला पाठवली की अहवालात कुठल्या ना कुठल्या जंतूचे नाव येते. अहवालात जंतू दिसले याचा अर्थ संसर्ग झाला असा नाही. लक्षणे असतील तरच अँटिबायोटिक द्यायचे असते.

कोणत्या तपासण्या लागतात?

• रक्तातील साखर, हिमोग्लोबिन आणि गरजेनुसार इतर रक्ततपासण्या.
• पायाच्या रक्तपुरवठ्याची तपासणी. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब छोट्या डॉपलर यंत्राने मोजून त्यांचे गुणोत्तर काढतात. त्याला एबीपीआय म्हणतात. हे गुणोत्तर ०.८ ते १.३ असेल, तर पूर्ण दाबाची पट्टी सहसा सुरक्षित असते. ०.८ पेक्षा कमी असेल तर दाब कमी ठेवावा लागतो आणि तज्ज्ञांचा सल्ला लागतो. ०.५ पेक्षा कमी असेल तर दाबाची पट्टी बांधू नये, रक्तवाहिन्यांच्या तज्ज्ञांना त्वरित दाखवावे. मधुमेहात धमन्या कडक झाल्याने हा आकडा फसवा, म्हणजे खोटाच जास्त येऊ शकतो.
• शिरांची डॉपलर सोनोग्राफी. कोणत्या शिरेची झडप गळते हे तिच्यात कळते.
• पॅच टेस्ट. संशयित पदार्थांचे छोटे ठिपके पाठीवर पट्टीखाली चिकटवतात. ४८ तासांनी पट्टी काढून पाहतात आणि पुढे एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहतात. योग्य उपचार करूनही इसब हटत नसेल, तर ही तपासणी नक्की विचारा.
• जखम बरेच महिने भरत नसेल, कड उंचावलेली असेल किंवा सहज रक्त येत असेल, तर छोटा तुकडा काढून तपासतात.

उपचार: त्वचा आणि शिरा, दोन्हींचे

पहिली पायरी: त्रास देणारे सगळे बंद. डॉक्टरांकडे जाताना गेल्या सहा महिन्यांत पायाला लावलेली सगळी मलमे, पावडरी, तेले, पट्ट्या पिशवीत घालून न्या. रिकाम्या ट्यूबसुद्धा न्या. ही पिशवी कित्येकदा रक्ततपासणीपेक्षा जास्त माहिती देते.

दुसरी पायरी: साधी स्वच्छता. ड्रेसिंग बदलताना पाय कोमट, पिण्यायोग्य पाण्याने हलके धुवावा. ‘जखमेला पाणी लागू देऊ नका’ हा सल्ला अशा जुन्या जखमांना लागू नाही. सुटी खपली आणि जुने मलम निघून गेले पाहिजे. सुवासिक साबण आणि जंतुनाशक द्रावणे टाळा. नंतर मऊ कापडाने टिपून घ्या, घासू नका. बोटांच्या बेचक्या कोरड्या करायला विसरू नका.

तिसरी पायरी: स्निग्ध थर. भोवतालच्या कोरड्या त्वचेवर साधी पेट्रोलियम जेली किंवा पांढरे मऊ पॅराफिन आणि द्रव पॅराफिन यांचे मिश्रण केसांच्या दिशेने हलके लावा. सुवासिक लोशनपेक्षा हे बरे, कारण त्यात ॲलर्जी करणारे घटक फारसे नसतात. पॅराफिन लागलेले कपडे आणि पट्ट्या मात्र लवकर पेट घेतात. गॅस, चूल, निरांजन, विडी-सिगारेट यांपासून दूर राहा.

चौथी पायरी: दाह शमवणे. इसबावर डॉक्टर ठराविक दिवसांसाठी स्टिरॉइड मलम देतात. बहुधा ते दिवसातून एकदा, एक-दोन आठवडे असते आणि नंतर कमी करत जातात. ते भोवतालच्या सुजलेल्या त्वचेवर लावायचे, जखमेच्या आत नाही. क्रीमपेक्षा ऑइंटमेंट प्रकार चांगला, कारण त्यात टिकाऊपणाची रसायने कमी असतात. ‘स्टिरॉइड’ हा शब्द ऐकून घाबरू नका, पण ते मनाने महिनोन्‌महिने लावूही नका. त्याने त्वचा पातळ होते. दुकानात सहज मिळणारी स्टिरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीनाशक एकत्र असलेली मलमे तर अजिबात लावू नका.

इसब फार ओले असेल, तर पोटॅशियम परमँगनेटच्या अगदी फिकट गुलाबी पाण्यात १०-१५ मिनिटे पाय बुडवायला सांगतात. खडे पूर्ण विरघळले पाहिजेत, नाहीतर त्वचा भाजते. पाणी गडद जांभळे करू नका. लस थांबली की हे बंद करायचे. हे औषध पोटात जाणे धोक्याचे आहे, ते मुलांपासून दूर ठेवा.

पाचवी पायरी: कडेचे रक्षण. लस जास्त असेल तर फोम किंवा अल्जिनेटसारखे शोषून घेणारे ड्रेसिंग लागते आणि सुरुवातीला ते वारंवार बदलावे लागते. कडेवर झिंक ऑक्साइड किंवा संरक्षक थर लावतात. सुटा कापूस थेट जखमेवर ठेवू नका. त्याचे तंतू चिकटतात आणि काढताना नवी त्वचा सोलून निघते.

मूळ उपचार: दाबाची पट्टी

वरचे सगळे केले आणि शिरांमधला दाब तसाच राहिला, तर इसब परत येणारच. म्हणून एबीपीआय पाहून झाल्यावर पायाच्या बोटांच्या मुळापासून गुडघ्याच्या खालपर्यंत दाबाची पट्टी बांधतात. पूर्ण दाब म्हणजे घोट्याशी सुमारे ४० मिलिमीटर पाऱ्याइतका, आणि वर जाताना तो कमी होत जातो. एका थराच्या सैल क्रेप बँडेजने हा दाब मिळत नाही. पट्टी प्रशिक्षित व्यक्तीकडूनच बांधून घ्या.

पहिल्या काही दिवसांत पट्टी घट्ट वाटते. पण बोटे निळी, थंड किंवा बधिर झाली, किंवा दुखणे वाढत चालले, तर पट्टी लगेच काढा आणि डॉक्टरांना दाखवा.

शिरेतील दोषाचा उपचारही लांबणीवर टाकू नये. ब्रिटनमध्ये ४५० रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, दाबाच्या पट्टीसोबत दोषी शिरेवर लवकर उपचार केलेल्या गटात जखम भरण्याचा मध्यक काळ ५६ दिवस होता. उशिरा उपचार केलेल्या गटात तो ८२ दिवस होता. हे उपचार लेझर, उष्णता किंवा औषधाच्या फेसाने शीर बंद करून होतात. अनेकदा भूल फक्त त्या जागेपुरती लागते.

घरी काय करावे?

• दिवसातून तीन-चार वेळा अर्धा तास आडवे होऊन पाय हृदयाच्या पातळीपेक्षा वर ठेवा. खुर्चीत बसून पाय स्टुलावर ठेवणे पुरेसे नाही. रक्तपुरवठा कमी असेल किंवा हृदयविकार असेल, तर आधी विचारा.
• एका जागी फार वेळ उभे राहू नका, पाय लोंबकळत ठेवून बसूही नका. अधूनमधून घोटा वर-खाली हलवा. जमेल तेवढे चाला.
• नखे कापून ठेवा. रात्री नकळत खाजवले जात असेल, तर डॉक्टरांना सांगा.
• डाळी, उसळी, दूध, अंडी, मासे असे प्रथिनयुक्त पदार्थ खा. ‘डाळ-भाताने जखम पिकते’ म्हणून रुग्णाला अर्धपोटी ठेवू नका.
• मधुमेह आटोक्यात ठेवा. तंबाखू, मशेरी, धूम्रपान बंद करा.
• रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन चालू असेल, तर त्यानेही पाय सुजू शकतो. गोळी स्वतः बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

हळद, कडुनिंबाचा लेप, चुना, तंबाखू, राख, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड यांपैकी काहीही जखमेवर लावू नका.

लगेच डॉक्टरांकडे केव्हा जावे?

• लाली काही तासांत पसरते आहे, ताप किंवा थंडी वाजते आहे
• दुखणे अचानक खूप वाढले, किंवा दिसते त्यापेक्षा कितीतरी जास्त आहे
• त्वचा काळी-निळी पडली, फोड आले, घाण वास येतो
• पाऊल थंड व पांढरे पडले
• एक पाय अचानक सुजला. सोबत धाप लागली किंवा छातीत दुखले तर थेट रुग्णालयात
• फुगलेल्या शिरेतून रक्त वाहू लागले: लगेच आडवे व्हा, पाय उंच करा आणि स्वच्छ कापडाने त्या जागी घट्ट दाबून धरा

जखम भरल्यावर

जखम भरली तरी शिरांचा दोष असेल तर तो तसाच राहतो. म्हणून डॉक्टरांनी मोजून दिलेले दाबाचे मोजे रोज वापरा. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी, पाय सुजायच्या आत ते चढवा. झोपताना काढा आणि मग त्वचेला स्निग्ध थर लावा. मोज्यांचा ताण कमी होत जातो, म्हणून साधारण दर सहा महिन्यांनी नवे घ्यावे लागतात. उन्हाळ्यात ते नकोसे होतात हे खरे आहे. पण जखम परत येण्याचे प्रमाण मोजे न वापरणाऱ्यांमध्ये जास्त असते.

घरातल्यांसाठी शेवटची गोष्ट. अशा रुग्णाला वास येईल, लोक काय म्हणतील म्हणून लाज वाटते. मग ते लग्नाकार्याला जाणे सोडतात, घरातही वेगळे बसतात. साधे शिरांचे इसब संसर्गजन्य नाही. एकत्र जेवल्याने, कपडे एकत्र धुतल्याने ते कोणाला होत नाही. पुढच्या वेळी ड्रेसिंग बदलताना जवळ बसा आणि जखमेबरोबर तिच्या भोवतालची त्वचाही पाहा. आठवड्यातून एकदा, त्याच उजेडात, मोबाइलवर फोटो काढून ठेवा. लाली वाढते आहे की ओसरते आहे, हे त्या फोटोंवरून तुम्हाला आणि डॉक्टरांना लगेच कळेल.